कोरं कपाळ

काल संध्याकाळी दाराची बेल वाजली. समोरच्या बिऱ्हाडातली स्नेहल उभी. अंगावर काळं पातळ, केसांत गजरा, हातात चांदीचा करंडा. "आजी, उद्या आमच्याकडे हळदीकुं..." इथवर बोलली आणि तिची नजर माझ्या कपाळावर आली. पोरीची जीभच अडकली. आजी ख्रिस्ती आहेत हे तिला आधी आठवलं असावं, आणि आजोबाही आता नाहीत हे लगेच मागून. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. "म्हणजे... तिळगूळ घ्यायला हो आजी, सहज." मी म्हटलं, "बघते गं, उद्या सांगते." सुटल्यासारखी पळाली बिचारी.

दार लावून मी दूध तापत ठेवलं आणि ठेवलं ते विसरूनच गेले. ओट्यावरून खाली आलं तेव्हा भान आलं. संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस आले की माझं हे असंच होतं. थेरगावच्या बाजारात सुगडाचं सामान तयार पिशवीत मिळतं हल्ली. ऊस, बोरं, गाजर, घाटे. घ्यायचं नसतं, तरी मी घाटे हातात घेऊन वास घेते आणि भाजीवाला म्हणतो, "आज्जी, फुलं न्हाईत ती." ओल्या हरभऱ्यावर थंडीत आंब धरते. बोटांना लागली की आंबट वास येतो आणि जिभेला लावली तर किंचित खारट लागते. त्या वासाला माझ्या डोक्यात एकच वर्ष चिकटलेलं आहे, लग्नाचं. पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हाचं. वासाबरोबर जे वर येतं त्याला आठवण म्हणावं की लाज, हे मला या वयातही ठरवता आलेलं नाही.

लग्न आमचं नगरकडे झालं, नाताळाच्या थोडं आधी. मी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली. वॉर्डात बांगड्या चालत नसत, म्हणून हात मोकळे ठेवायची सवय. पातळं पांढरी, कारण होती तीच. लग्नात मंगळसूत्राऐवजी अंगठी. आणि कुंकू तर माझ्या आईनं लावलं नाही, तिच्या आईनंही लावलं नाही. आमच्या वस्तीत सगळ्याच बायांची कपाळं तशी. तिथे कोऱ्या कपाळाला नुसतं कपाळच म्हणत.

यांना पिंपरीच्या एका कारखान्यात काम लागलेलं. चिंचवड स्टेशनाच्या अंगाला एका शेतकऱ्यानं रानाच्या कडेला पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या, त्यातली एक आमची. मागे हरभरा, त्यापलीकडे उभा शाळू, आणि शाळवाच्या कणसांवर डोकं काढून कारखान्याचं धुराडं. भोंगा झाला की मालकाचे बैलसुद्धा कान टवकारायचे. आम्ही सकाळच्या गाडीनं उतरलो, यांनी ट्रंक खोलीत टेकवली आणि तसेच पाळीवर पळाले. नव्या नवरीला कुणी असं टाकून जातं का, असं मनात म्हणत मी पदर खोचला आणि झाडायला घेतलं.

तेवढ्यात दारात मालकीणबाई. सरूवहिनी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू, कमरेवर पाण्याची कळशी. न मागता आणलेली. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"घ्या बाई पानी. लांबून आलायसा. भावाकडं आलात, लई ब्येस क्येलं. भाऊ हाय तवर बाईला थारा हाय."

"भाऊ कुठला?" मी म्हटलं. "ते माझे मालक आहेत."

कळशी खाली ठेवता ठेवता तिचा हात मधेच थांबला. तिनं माझं कपाळ पाहिलं, मनगटं पाहिली, पुन्हा कपाळ पाहिलं. "मंग ह्ये असं का वो? मला वाटलं, बाईचं समदं सरलं."

रात्रभराचा प्रवास, रिकामी खोली, नवरा पाळीवर, आणि हे वर. माझा तोल गेला. मी ओरडलेच, "काय अभद्र बोलता हो? मी काय रांडावलेली आहे? मला तसली समजलात?"

बाहेर पायरीवर सुपात घाटे घेऊन एक म्हातारी बाई सोलत बसली होती. सरूवहिनीची सासू, ठकूआत्या. मी तिला तोवर पाहिलंच नव्हतं. सोलता सोलता तिची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली. तिच्या कपाळावर काही नव्हतं. मनगटांतही काही नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. सरूवहिनी "चुकलं बया माजं, चुकलं" म्हणत गालावर हात मारून घेत होती. चूक तिची नव्हतीच.

संध्याकाळी यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. "म्हणजे मी तुझा भाऊ? चल, मग पानं वाढ, ताई." मी ताट आपटलं. मग हे जरा नरमले. चाळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या, की नवरा यंत्रावर काम करतो आणि हिचं कपाळ हे असं, बरं दिसतं का. तेही मी रडत सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या टिकलीनं यंत्र आवरत असेल तर मुकादमाला सांगतो, उद्यापासून आम्ही सगळेच लावून येतो." असा माणूस. माझी भीती मात्र काही केल्या जाईना. इतकी शिकलेली मी, जखमा शिवायला उभी राहिलेली, आणि भोंगा झाला की हे दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. शकुनाबिकुनावर आपला विश्वास नाही असं मला लहानपणापासून शिकवलेलं. विश्वास नसलेल्या गोष्टीची भीती वाटते, याचीही आणखी वेगळी लाज.

आमच्या पलीकडच्या खोलीत सायकली दुरुस्त करणाऱ्या शेखचाचांची बायको हमीदाभाभी राहायची. कुंकू तिलाही नव्हतं. पण तिला कुणी विधवा म्हटलं नाही. तिचं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे सण ठाऊक, तिची रीत ठाऊक. माझी भाषा त्यांची, पातळ नेसायची तऱ्हा त्यांची, भाकरी त्यांच्यासारखी, आणि तेवढं कपाळच कोरं. मला कुठल्या पाटावर बसवावं हे त्या बायांना समजत नव्हतं. मलाही समजत नव्हतं, खरं सांगायचं तर.

थंडी त्या साली कडाक्याची. सकाळी नळ नसायचा, विहीर. दोर ओला आणि बर्फासारखा. हात चुलीवर धरून मी तीळ भाजल्याचा वास घेत बसायची. तो सगळ्या चाळीतून यायचा, माझ्या खोलीतून तेवढा नाही. संक्रांत झाली आणि बायांची ये-जा सुरू झाली. रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू. खणाची चोळी, जोडवी, अत्तराचा वास. दारावरून जाताना त्या बोलायचं थांबायच्या आणि पुढे गेल्यावर पुन्हा बोलायच्या. मी आत पाठ करून बसायची. भांडी घासलेली पुन्हा घासायची.

ठकूआत्या रोज दिसायची. मी मान वर करत नसे. ती मात्र माझ्या उंबऱ्यावर मूठभर सोललेले हरभरे ठेवून जायची. ते खाववत नसत. टाकवतही नसत.

एक दिवस सरूवहिनी स्वतः आली. "उद्या आमच्याकडं हाय. तुमीबी या. तुमी सवाशीण हायसा, मला ठावं हाय न्हवं आता." तिचा जीव माझ्यासाठी तुटत होता, आपली चूक तिला भरून काढायची होती. मी हो म्हटलं. दुपारी बाजारात जाऊन कोपरापर्यंत येतील इतक्या हिरव्या बांगड्या भरून आले. माझं एकुलतं एक रंगीत पातळ काढलं, जांभळं. आरशात पाहिलं आणि मनात म्हटलं, आता कोण म्हणतंय बघू. आता बोला. म्हणजे माझी सगळी धडपड कशासाठी, तर त्या पायरीवरच्या म्हातारीसारखं आपण दिसू नये यासाठी. तेव्हा हे असं शब्दांत आलं नव्हतं, पण होतं ते हेच.

सरूवहिनीची पडवी बायांनी भरलेली. माझी पाळी आली. तिनं हळदीचं बोट लावलं असेल नसेल तोच मी डोकं मागे घेतलं. ठरवून नाही हो. आईनं, आजीनं, वस्तीतल्या सगळ्या बायांनी मिळून माझी मान मागे ओढल्यासारखं झालं. चिमटीतलं कुंकू माझ्या नाकावर, पातळावर, पाटावर सांडलं. कुंकू सांडलं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. "आमच्यात चालत नाही," मी पुटपुटले. मागून कुणीतरी म्हणालं, "मंग आली कशाला ही?" आवाजात रागही नव्हता, नुसतं नवल होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सरूवहिनीनं खाली वाकून पाटावरचं कुंकू बोटानं गोळा केलं आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या दारानं जायची हिंमत नव्हती. मागच्या दारानं निघाले तर कडब्याच्या गंजीआड ठकूआत्या. पोत्यावर बसलेली, अंगावर घोंगडी. घरात हळदीकुंकू असलं की ती तिथे जाऊन बसायची. कुणी जा म्हणत नसे. तिला माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत होतं, एवढंच. ज्या घरात ती सासू होती, जिथल्या चुलीला तिनं जन्मभर सारवलं, त्या घरच्या सणाला तिची जागा कडब्यामागे. तिनं माझं नाक पाहिलं, लाल. पोत्यावर सरकून जागा केली. मी बसले. दोघींनी घाटे सोलले. घरातून हसण्याचा आवाज येत होता. सांगायला हवं होतं मी तेव्हा, की आत्या, त्या दिवशी मी बोलले ते... पण तोंड उघडेना. बसले आपली, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात धरून.

रविवारी आम्ही गाडीनं खडकीला उपासनेला गेलो. उपासना संपल्यावर हे मित्रांत रमले आणि मी पाळकसाहेबांच्या परसात गेले. म्हातारा माणूस, आमच्या नगरकडचाच, तोंडानं फटकळ. धोतर गुडघ्यावर घेऊन गाजरं उपटत होते.

"सलाम, साहेब. एक विचारायचं होतं. मी कुंकू लावलं तर चालेल का?"

मला वाटलं, नाही म्हणतील. खरं म्हणजे मला तेच हवं होतं. पाळकसाहेब नको म्हणाले असं चाळीत सांगता आलं असतं, त्यांच्या नाहीमागे लपता आलं असतं. त्यांनी गाजराची माती झटकली.

"लाव की."

"लाव?"

"लावलंस तर प्रभू तुला ओळखणार नाही असं वाटतं का तुला? आणि नाही लावलंस तर तेवढ्यानं ओळखतो असं वाटतं?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "पोरी, चेहरा बघ तुझा. आजारी आहेस का?"

"नाही. दमल्यासारखं होतं नुसतं."

"दमणारच. कपाळ उचलून हिंडतेस इथून तिथून. लोकांना दाखवायचं ओझं आहे ते, लावलं तरी आणि कोरं ठेवलं तरी. खाली ठेव ते. आणि मग सावकाश बघ, तुझ्या आजूबाजूला कोण कुठे बसलंय." एवढं बोलून चार गाजरं माझ्या हातात कोंबली. "भाजी कर. जा."

दमलेल्यांना जवळ बोलावणारं प्रभूचं ते वचन मला लहानपणापासून पाठ. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं, मी रोग्यांना म्हणूनही दाखवायची. ते माझ्यासाठीही असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. गाडीत मातीची गाजरं मांडीवर घेऊन मी रडले. हे विचारत होते काय झालं. काय सांगणार? मी विश्वासाचं कपाळ घेऊन आले होते आणि त्या कपाळाच्या मागे विश्वास ठेवायलाच विसरले होते. लाज तर गेली नाहीच. उलट आता ती नीट जागी लागली. आतापर्यंत मला लाज वाटत होती ती मी कशी दिसते याची. आता वाटू लागली ती मी ठकूआत्याला काय म्हटलं याची. पण गंमत अशी, की ही लाज वागवताना दम लागत नव्हता. तिचं काय करायचं ते तरी कळत होतं.

रथसप्तमीच्या आधी मी गाजराचा हलवा केला, तीळ भाजून गुळात वळले. दारोदार जाऊन सांगितलं, "माझ्याकडे या. हळद नाही, कुंकू नाही. तिळगूळ आहे आणि बसायला सतरंजी आहे. आणि सगळ्यांनी या." सगळ्यांनी या म्हणताना मी सरूवहिनीच्या खांद्यावरून आत पाहिलं. तिनंही मागे वळून पाहिलं.

दुपार टळली तरी कुणी येईना. हमीदाभाभी तेवढी आली, हलवा खाऊन "थोडा और घी डालती तो..." म्हणाली आणि मूल रडलं म्हणून गेली. बाकीच्या नटून दुसरीकडे गेल्या, माझ्या दारावरून. मी उठून सतरंजी गुंडाळायला घेतली तर दारात ठकूआत्या. धुवट लुगडं, डोक्यावरून पदर. उंबऱ्याच्या बाहेरच उभी.

"आत या ना."

"आत यिऊ?" तिनं विचारलं. म्हातारी बाई, जिच्या मुलाची ही खोली, ती मला विचारत होती.

हाताला धरून आणली, सतरंजीच्या मधोमध बसवली. तिळगूळ दिला. तिनं तो लगेच तोंडात टाकला नाही, तळहातावर ठेवून बघत बसली. तिच्या हातात असा तिळगूळ कुणी शेवटचा कधी ठेवला होता, हे तिलाच आठवत नव्हतं. तेव्हा माझं तोंड उघडलं. "आत्या, मी आले त्या दिवशी जे बोलले..."

"काय बोललीस? खरं त्येच बोललीस." ती म्हणाली. "समद्याच भितात माज्यावानी व्हायला. मला बघून वाट बदलत्यात. तू तोंडानं बोललीस येवडंच." मी तिचे पाय धरले. तिनं मला उठवलं आणि तिचा खरखरीत अंगठा माझ्या कपाळावरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमीन सारवल्यासारखा. मग तिचा नवरा गेला त्या दिवसाचं सांगितलं. पाच बायांनी धरून ठेवलं होतं. पुसलं, मग पाण्यानं पुन्हा पुसलं, बांगड्या दगडावर फोडल्या, मनगटातून रक्त आलं. सांगताना आवाज कुठे हलला नाही. शेवटी म्हणाली, "तुजं बरं हाय बाई. तुजं कुनाला पुसाया काय गावायचं न्हाई."

ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नव्या नवरीला कुणी असं बोलतं का! चेहरा माझा पडला असणार. ती मात्र भिंतीला टेकून निवांत तिळगूळ चघळत होती. मीही शेजारी भिंतीला पाठ टेकली. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात पहिल्यांदा मी पाठ टेकून बसले, असं आता वाटतं. भोंगा झाला तरी उठले नाही. हे घरी आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलेल्या.

पुढच्या साली तीन बाया आल्या, त्यात थेरगावची एक विधवा भावजय ठकूआत्यानंच आणली होती. सरूवहिनी आली ती आणखी बऱ्याच सालांनी, पुढे तिच्यावर स्वतःवर तशी वेळ आल्यावर. आली तेव्हा मी हाताला धरून आत घेतलं. हलवा वाढला. ठकूआत्या तोवर गेलेली होती, हरभऱ्याच्या रानाचीही कधीच कंपनी झाली होती.

आमचे हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पलंगावर गेले, झोपेत, यंत्रानं काही केलं नाही त्यांना. इमारतीतल्या बायका धावत आल्या. चांगल्या बाया, रडत होत्या. त्यातली एक वयस्कर, रीत माहीत असलेली, ओला रुमाल घेऊन माझ्यापुढे बसली, माझी हनुवटी धरली आणि रुमालाचा हात माझ्या कपाळाशी येऊन थांबला. सरूवहिनीचा कळशीवर थांबला होता तसा. पुसायला काही नव्हतंच. तिनं गोंधळून त्याच रुमालानं माझे डोळे पुसले. त्या क्षणी, यांचा देह अजून घरात असताना, मला ठकूआत्याचा अंगठा कपाळावर जाणवला. कोणी माझ्याकडून काही काढून घेऊ शकलं नाही. ते गेले होते आणि मी त्यांची बायको होते, काल होते तशीच. जे तिनं मला इतक्या आधी सुखरूप हातात ठेवलं होतं, त्याला मी अपशकून समजले होते. लाज वाटली. रडता रडताही वाटली.

आज सकाळी मी समोरची बेल वाजवली. स्नेहलनं दार उघडलं, हाताला हळद लागलेली. "मी येते गं संध्याकाळी," म्हटलं. तिचा चेहरा खुलला. तिची आई गेल्या वर्षापासून तिच्याकडेच असते, वडील गेल्यापासून. मला पॅसेजच्या टोकाच्या खोलीचं दार दिसत होतं, अर्धं लोटलेलं.

"आई कुठे बसणार आहे संध्याकाळी?" मी विचारलं.

स्नेहलची मान खाली गेली. "आई... ती आतच असते हो आजी. तीच म्हणते, मी आत बसते."

"बरं," मी म्हटलं. "मग माझीही सतरंजी आतच घाल."